‘जज साहेबांनी विचारलं, तं पोरगा काय सांगन?’

घटस्फोटाच्या वाटेवर असलेली आई किंवा बाप समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसले, की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. पोटगी, घर, दागिने यांची बोलणी नंतर. “मॅडम, जज साहेबांनी याले आत बोलावून विचारलं, तं हा काय सांगन?” आई विचारते तेव्हा तिला वाटत असतं, सासरच्यांनी पोराच्या मनात काही भरवलं असेल. बाप विचारतो तेव्हा तीच शंका माहेरच्यांवर असते. आणि या धास्तीने दोन्ही घरांत मुलाकडून उत्तराची तयारी करून घेणं सुरू होतं. घटस्फोटाने मुलाचं जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा कितीतरी जास्त या तयारीने होतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून कायद्याचं आधी सांगते. मूल विचार करून आपली पसंती सांगू शकेल एवढं मोठं असेल, तर न्यायाधीश ती लक्षात घेऊ शकतात. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये तशी तरतूद आहे, आणि हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू होतो. पण त्यासाठी वयाचा ठरावीक आकडा नाही, आणि मूल बोललं म्हणजे निकाल लागला असंही नाही. हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा ‘साधारणपणे’ आईकडे, हेही त्याच कायद्यात आहे. यातला ‘साधारणपणे’ हा शब्द लोक विसरतात. त्यामुळे पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं, असा एक समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे.

न्यायाधीश मुलाशी चेंबरमध्ये, आईबापांना बाहेर ठेवून बोलतात. शाळेत कोण सोडतं, डबा कोण भरतं, ताप आला तेव्हा कोण जागलं, अशा गप्पांतून त्यांना पुष्कळ कळतं. पढवलेलं मूल तिथे दोन मिनिटांत ओळखू येतं. सात वर्षांचा मुलगा “माझे वडील जबाबदारी घेत नाहीत” असं म्हणाला, की ते वाक्य त्याचं नाही हे कोणालाही समजतं. आणि ते ज्याने शिकवलं, त्याच्याबद्दलचं मत तिथेच बिघडतं.

आता एका कुटुंबाची गोष्ट. ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. त्याला इथे बाबू म्हणते, नागपुरात घरोघरी म्हणतात तसं. आई मानेवाड्याकडे माहेरी, दोन खोल्यांच्या घरात, आईवडील आणि भाऊ-वहिनीसोबत. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेण्याचं काम करते. बाप हिंगणा एमआयडीसीत, तीन शिफ्टची ड्युटी. त्याची आई त्याच्याजवळ राहते. बाबूला पाच वर्षांचा होईपर्यंत याच आजीने सांभाळलेलं. भांडणाचं मूळ दारू आणि कर्ज. मारहाण झाली नव्हती. याची खात्री मी दोघांशी वेगवेगळं बोलून आधी करून घेते, कारण मारहाण असेल तर पुढची सगळी पद्धत बदलते. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

कोर्टाने तात्पुरता आदेश दिला होता: एक रविवार सोडून एक, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मुलगा बापाकडे. घ्यायला आणि सोडायला बाप येणार. आणि दर भेटीच्या रविवारी सकाळी बाबूचं पोट दुखायला लागायचं.

आई म्हणाली, “बापाचं नाव काढलं की याचं पोट दुखते. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?”

बाप म्हणाला, “माझ्याजवळ आला की दोन मिनिटांत खेळून राहते. पोटबिट काही नाही. तीच शिकवून पाठवते.”

दोघांनी याची मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ठेवली होती. एकात मूल रडतंय, दुसऱ्यात हसतंय. मुलाच्या तोंडासमोर मोबाइल धरून “सांग, तुला जायचं आहे का?” असं विचारणं तात्काळ थांबवा, ही माझी पहिली अट असते. त्या क्षणी मुलाला एवढंच कळतं, की आपल्या उत्तरावर कोणाचं तरी काहीतरी ठरणार आहे. दुसरी अट, बालरोगतज्ज्ञांना दाखवून या. मनाचा ताण आहे असं धरून पोटाचं खरं दुखणं अंगावर काढलेली मुलं मी पाहिली आहेत. बाबूच्या तपासणीत काही निघालं नाही.

मग दोघांना एकेक वही दिली. चार रकाने: किती वाजता, काय झालं, तेव्हा जवळ कोण कोण होतं, आणि मूल स्वतःच्या शब्दांत काय म्हणालं. ‘कारण’ असा रकाना नाही. का झालं हे लिहायला लागलं, की माणूस आपला वकील होतो. आणि या वह्या कोर्टात न्यायच्या नाहीत, असं मी दोघांकडून कबूल करून घेते. पुरावा म्हणून लिहिलेली वही खरं सांगत नाही. आकांडतांडव करणारी माणसंही ही वही फार नेटकी लिहितात, असा माझा अनुभव आहे. कोणीतरी आपल्याला फक्त पाहायला सांगितलं, याने त्यांना हायसं वाटतं.

पुढच्या बैठकीत दोघांना एकत्र बसवलं आणि वाचायला सांगितलं.

“ताई, पोट दुखायला कधी लागलं?”

“नऊ वाजता. दादा म्हणाला, येईनच आता तो.”

“भाऊ, तुमच्या वहीत थांबलं कधी?”

“गाडी चौकातून वळली तेव्हा.”

“आणि परत कधी?”

त्याने पान उलटलं. “साडेपाचला. माझ्या आईनं त्याचे कपडे बदलायले घेतले तेव्हा.”

“कपडे कशाला?”

“इथले नवे कपडे तिकडे गेले की परत येत नाहीत, म्हणून. येतानाचेच घालून पाठवते ती.”

“ताई, तुमच्याकडे कधी थांबलं?”

“फाटक लावून आत आलो. दहा मिनिटांत.” ती वहीतच पाहत होती. “मागच्या खेपेसबी दहाच मिनिटं लिहिलीत मी.”

कोणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडलं, की हाताशी आलेलं निसटतं.

“म्हणजे तुमच्याकडे जायचं असते म्हणून नाही दुखत त्याचं,” ती हळूच म्हणाली.

“तुझ्याकडे यायचं असते म्हणूनबी नाही,” तो म्हणाला. “फाटकाचं आहे हे.”

त्या फाटकावर दर खेपेला काय चालायचं तेही मग निघालं. एका बाजूला मामा हाताची घडी घालून उभा, दुसऱ्या बाजूला बाप गाडी बंद न करता बसलेला, आणि मध्ये पंधरा पावलांचं अंतर बाबूने एकट्याने चालायचं. पहिल्या पावलाला आईकडचा मुलगा, शेवटच्या पावलाला बाबांचा. त्या पंधरा पावलांत हसला तर आई दुखावणार, रडला तर बाबा.

बाबूशी मी एकटीने बोलले तेव्हा त्याने मला नियम सांगितले. मामाने सायकल घेऊन दिली, हे आजीकडे सांगायचं नाही. आजी अजून भरवते, हे इकडे सांगायचं नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरं लाकडी नंदी मिरवतात त्या सणाला, बाबांनी घेतलेला नंदी तो दोन्हीपैकी एकाही घरात ठेवत नव्हता. तो बाबांच्या गाडीच्या डिक्कीत असायचा, जुन्या फडक्यात गुंडाळून. “तिथं कोणी नाही पाहत,” असं त्याचं म्हणणं.

मुलं दोन घरांत दोन गोष्टी सांगतात, तेव्हा आईबापांना वाटतं एक तरी खोटी आहे. बहुतेक वेळा दोन्ही खऱ्या असतात. आईजवळ बसलेलं मूल आईचं दुःख पाहून बोलतं, बापाजवळ बसलेलं बापाचं. मी मुलाला एकट्याला ‘दुरुस्त’ करायला घेत नाही, ते याचमुळे. दुखणं मुलाच्या अंगात दिसतं, पण तयार होतं ते दोन मोठ्या माणसांच्या मधल्या जागेत. ती जागा बदलली की औषधाविना फरक पडतो, हे या कामात इतक्यांदा पाहिलं आहे, की आता मी ते बिनदिक्कत सांगते.

बाबूच्या बाबतीत देवाणघेवाण शाळेवर नेली. शनिवारी सकाळी आईने शाळेत सोडायचं, शाळा सुटल्यावर बापाने घ्यायचं, सोमवारी सकाळी बापाने थेट शाळेत सोडायचं. दोघं समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. त्यासाठी तात्पुरता आदेश दोघांच्या संमतीने बदलून घेतला. असे बदल आपसांत तोंडी करू नका. चार महिने सुरळीत चालतं, मग एका भांडणात “तू आदेश मोडलास” म्हणून अर्ज पडतो. वर्गशिक्षिकेला आदेशाची प्रत आणि मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं लेखी दिली. शाळा नसेल त्या दिवसांसाठी सीताबर्डीचं मेट्रो स्टेशन ठरलं. दोन्ही मार्गिका तिथे मिळतात, वर्दळ असते, कॅमेरे असतात. मानेवाड्याकडून बाबूचे आबाजी, म्हणजे आईचे वडील, यायचे, कारण जावई त्यांच्याशी अजून नीट बोलत होता. देवाणघेवाणीसाठी असा माणूस शोधा, ज्याला दोन्ही बाजू नमस्कार करतात. जो सगळ्यात जास्त चिडलेला आहे, त्याला त्या दिवशी घरी ठेवा.

कपडे बदलणं मात्र लगेच थांबलं नाही. आजीला समजावायला तिच्या मुलालाच पाठवलं, मी गेले नाही. दोन्ही घरांत कपड्यांचा पूर्ण जोड, दात घासायचा ब्रश आणि गणवेश ठेवायचा, एवढं ठरल्यावर तिचं म्हणणंच उरलं नाही.

पोटदुखी गेली आणि दोघांचा एकमेकांवरचा एक मोठा आरोप गळून पडला. तिथून परस्पर संमतीच्या घटस्फोटाची बोलणी खरी सुरू झाली. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिला अर्ज आणि दुसरी सुनावणी यांत साधारण सहा महिन्यांचा काळ असतो. हा काळ न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं, पण पोटगी आणि ताब्याचे प्रश्न खरोखर मिटलेले असावे लागतात. आणि अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. ती मागे घेतली जाते तेव्हा कारण पुष्कळदा संमतीच्या मसुद्यातल्या मुलाच्या कलमात असतं.

कारण ते कलम एका ओळीत उरकलेलं असतं: “ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटीचा हक्क राहील.” वर्षभरात ही ओळ दोघांना परत कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते. बाबूच्या मसुद्यात आम्ही काय लिहिलं ते पाहा. शिफ्टचं वेळापत्रक बापाने दर महिन्याच्या २८ तारखेपर्यंत फोटो काढून पाठवायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात भेट पुढच्या शनिवारी आपोआप सरकेल, त्यासाठी फोन करायचा नाही. अर्ध्या तासापर्यंत उशीर चालेल, त्यापुढे कळवायचं, दीड तासानंतर त्या दिवसाची भेट रद्द. मूल आजारी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पंधरा दिवसांत बदली भेट. भेटीच्या आधी आणि भेटीदरम्यान दारू नाही. वास आला तर आबाजी मुलाला परत नेतील, तिथे वाद घालायचा नाही, आणि त्या भेटीची भरपाई नाही. बुधवारी संध्याकाळी साडेसात ते आठ आजीचा व्हिडिओ कॉल, आईने खोलीबाहेर थांबायचं.

सुट्ट्यांचं नीट लिहा. “उन्हाळ्याची अर्धी सुट्टी” हे शब्द घात करतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे उघडतात. पुण्या-मुंबईच्या नमुन्यावरून टंकलेल्या मसुद्यात जूनच्या मध्याचा हिशेब असतो, आणि मग शेवटचे पंधरा दिवस कोणाचे यावर जुंपते. शाळेचं वेळापत्रक हाती आल्यावर तारखा भरायच्या, असं लिहा. मे महिन्यात देवाणघेवाण सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. दुपारच्या उन्हात मुलाला स्टेशनबाहेर उभं करायचं नाही. सणांत दिवाळी, वाढदिवस सगळ्यांना आठवतात, तान्हा पोळा राहून जातो. तो मुलांचाच सण, त्यामुळे तो कोणत्या वर्षी कोणाकडे, हे आम्ही सगळ्यात आधी लिहिलं. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, गाव सोडून जाणं यांची आधी लेखी कल्पना द्यायची. प्रगतीपुस्तक आणि डॉक्टरांचे कागद दोघांना मिळतील, हेही लिहा. नाहीतर शाळा बापाला दारातूनच परत पाठवते.

पैशाचा आणि भेटीचा संबंध जोडू नका. “पैसे आले नाहीत, तर पोरगा मिळणार नाही” आणि “भेट नाही, तर पैसे नाहीत” ही दोन्ही वाक्यं मी रोज ऐकते, आणि दोन्ही कोर्टात अंगाशी येतात. पोटगी मुलाची आहे, भेटही मुलाची आहे. रक्कम ठरवताना पगाराच्या पावत्या, बँक खाती, कर्जं सगळं दोघांनीही शपथपत्रात द्यावं लागतं. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे सगळीकडे लागू केलं. पैसे बँकेतूनच द्या, रोख देऊ नका. आणि सुटका लवकर व्हावी म्हणून काही आया “मुलासाठी काहीच नको” असं लिहून देतात. आईने सोडलं म्हणून मुलाचा हक्क संपत नाही, पण पुन्हा मागायला आणखी काही वर्षं जातात.

आता मारहाणीचं. जिथे मारझोड, धमक्या, मुलासमोर हिंसा किंवा मुलालाच मारणं आहे, तिथे वर सांगितलेली समोरासमोरची बैठक मी घेत नाही, आणि कोणीही घेऊ नये. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि भेट मुलाला घातक वाटली तर ती नाकारूही शकतात. संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतात. तातडीचा धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. अडचणीतल्या महिला आणि मुलांच्या मदतीसाठी नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आहे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. भेट द्यायचीच ठरली, तर ती देखरेखीखाली, कोर्टाने ठरवलेल्या जागी. आईने एकटीने मुलाला घेऊन जायचं नाही.

पुष्कळांना वाटतं, कुटुंब न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांसमोर बोललो तर ते उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाईल. ते बोलणं गोपनीय असतं. तिथे मोकळं बोला. चार कलमं तिथेच मिटली, तर तारखा वाचतात.

बाबूला घटस्फोटाचं दोघांनी मिळून सांगितलं, एका शनिवारी माझ्या खोलीत. काय बोलायचं ते आधी ठरवून घेतलं होतं. “आम्ही आता एका घरात राहणार नाही. हे तुझ्यामुळे नाही. तू कुठे, कधी राहशील ते आम्ही ठरवलं आहे, तुला निवडायचं नाही.” यात चूक कोणाची, हे नाही. “तू मोठा झालास, समजून घे” हेही नाही. बाबूने विचारलं, “मंग जज काकांना काय सांगायचं?” आईने उत्तर दिलं, “ते विचारतील ते खरं सांगायचं. मला किंवा बाबांना काय वाटन, ते नाही पाहायचं.” ही वाक्यं मुलाला परत परत ऐकावी लागतात. एकदा सांगून मोकळं होता येत नाही. पुढे काही आठवडे झोपेत दचकणं, अंथरूण ओलं होणं, वर्गात गप्प बसणं दिसलं, तर घाबरू नका, पण वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा. ते वाढत गेलं किंवा महिना-दोन महिन्यांत ओसरलं नाही, तर बालमानसतज्ज्ञांकडे जा.

कोर्टाने मसुदा मान्य केला. ताबा आईकडे, आणि वर लिहिल्याप्रमाणे बापाकडचे दिवस. ताब्याचा आदेश हा दगडावरची रेघ नसतो. मूल वाढतं, शाळा बदलते, कोणाचं पुन्हा लग्न होतं, तेव्हा तो बदलून मागता येतो. म्हणून दर जूनमध्ये, शाळा उघडायच्या आधी, दोघांनी आढावा घ्यायचा असं एक कलम मी घालायला लावते. कोणी कलम मोडलं तर तारीख, वेळ आणि काय झालं एवढं लिहून ठेवा, मुलासमोर जाब विचारू नका. तीनचारदा तसंच झालं, तर वकिलामार्फत अर्ज करा.

बाबू आता चौथीत जाईल. आईला शनिवारी दुपारी स्कॉलरशिपचा क्लास लावायचा आहे, बापाचं म्हणणं की त्याच्या वाट्याचे तास तेवढेच आहेत. आजी म्हणते, क्लास रविवारी सकाळी लावा, मी नेते त्याले. यंदाच्या आढाव्यात यावर अजून एकमत झालेलं नाही.